बाबांसाठी तीन हजारांच्या आत कोणते उपकरण घ्यावे?

रानवाट

नमस्कार. गणेश चवथीला तीन आठवडे उरले आहेत आणि यंदा गावी जाताना बाबांसाठी एखादे उपयोगी उपकरण न्यावे, असे मनात आहे. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि आता आईसोबत वाळपईपासून थोडे आत असलेल्या आमच्या जुन्या कौलारू घरात राहतात. घरामागे लहानसे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. पाऊस संपला की पहाटे पाटाचे पाणी फिरवायला ते स्वतः जातात. गडी असला तरी त्यांचे जाणे थांबत नाही. मी नोकरीनिमित्त पणजीत असते आणि महिन्यातून दोनदा घरी जाणे होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला मी मनगटावरचे स्मार्ट घड्याळ दिले होते. त्यांनी ते आठ दिवस घातले. पट्ट्याखाली घाम साचायचा, अक्षरे बारीक होती, आणि दर दोन दिवसांनी ते चार्ज करायचे लक्षात राहत नसे. आज ते खोक्यासकट कपाटात, त्यांच्या निरोप समारंभाच्या शालीशेजारी, व्यवस्थित ठेवलेले आहे. त्यांनी एका शब्दानेही नापसंती दाखवली नाही, पण मला मात्र ते खोके दिसले की वाईट वाटते. यंदा तसे होऊ नये. बोलून चालणारा स्पीकर, लहान टॅब्लेट किंवा चांगला हेडफोन, असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. खर्च तीन हजारांपर्यंत, फार तर थोडा वर. जाणकारांनी सुचवावे.

चिऱ्याचे घर

ताई, वस्तूंची नावे घेण्याआधी एक विचारतो. बाबा दिवसभरात कोणकोणत्या कारणांनी अडतात, हे तुम्ही कधी लिहून काढले आहे का? माझ्या वडिलांना मी गेल्या काही वर्षांत चार-पाच उपकरणे दिली. त्यांतले एकच त्यांच्या अंगवळणी पडले आणि ते सर्वांत स्वस्त होते: झोपायच्या खोलीतून न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर बसवलेला, माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा छोटा एलईडी दिवा. तो साडेतीनशे रुपयांना मिळाला. त्याला बटण नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. रात्री दोन वेळा उठणाऱ्या माणसाला भिंत चाचपत जावे लागत नाही, एवढेच त्याचे काम आणि ते तो रोज करतो.

तुम्ही लिहिलेले तिन्ही पर्याय बाबांना काहीतरी नवे करायला लावणारे आहेत. आधीपासून ते जे करतात, त्यातली कुठली गोष्ट सोपी करता येईल, तेवढे सांगा.

रानवाट

आपला प्रश्न वाचल्यावर काल आईला फोन करून बाबांचा सगळा दिवस विचारून घेतला. तो येथे मांडते.

पहाटे उठल्यावर ते हातात जुनी टॉर्च घेऊन मागच्या बाजूला जातात. दुसऱ्या हातात काठी किंवा कोयता असतोच. नाश्त्यानंतर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसून वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचतात. जेवण तयार झाले की आई मागच्या दारात उभी राहून हाका मारते, पण ओहोळाच्या आवाजात त्या पोहोचत नाहीत आणि तिला गुडघे दुखत असताना पायऱ्या उतराव्या लागतात. रक्तदाबाची गोळी दोघांनाही चालू आहे. जोराचा वारा सुटला की वीज जाते, ती कधी अर्ध्या तासाने येते तर कधी रात्र उलटून जाते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती, कारण आम्हाला तिची इतकी सवय झाली आहे की ती अडचण आहे हेच विसरायला होते. घरात मोबाईलची रेंज नाही. बोलायचे असेल तर बाबा अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहतात, तिथेच काय ते एक-दोन दांडे येतात. पावसाळ्यात ते एका हातात छत्री आणि एका हातात फोन धरून बोलतात. पलीकडून मला छत्रीवर पडणारा पाऊस ऐकू येतो आणि मीच घाईघाईने, ‘बाबा, आत जा, उद्या बोलू’ असे म्हणते. इंटरनेट मात्र आहे. गेल्या वर्षी गावातल्या केबलवाल्याने फायबरची जोडणी दिली, ती भाऊ आला की वापरतो.

फोंडा बाजार

ताई, तुमच्या बाबांची भेट तुम्हीच सांगून मोकळ्या झालात. घरात फायबर आहे आणि रेंज नाही, तर वायफाय कॉलिंग सुरू करा. त्याला एक पैसाही लागत नाही. माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि सत्तरी, धारबांदोडा, सांगे या डोंगराळ भागांतल्या कित्येक घरांत हीच अडचण मी पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये, सिमच्या सेटिंगमध्ये, वायफाय कॉलिंग नावाची एक कळ असते. ती चालू केली की टॉवरची रेंज नसतानाही घरातल्या वायफायवरून नेहमीच्याच क्रमांकाने नेहमीसारखा फोन लागतो आणि येतो. समोरच्याकडे कोणतेही ॲप असावे लागत नाही, पैसेही नेहमीच्या प्लॅनमधूनच जातात. बाबांना शिकण्यासारखे त्यात काहीच नाही. ते आज जसा फोन उचलतात तसाच उद्या उचलतील. फक्त तुमचा हँडसेट आणि तुमची सिम कंपनी या दोघांनीही ही सोय दिलेली असली पाहिजे. गावी गेलात की आधी तेवढे पाहा.

आता खर्चाची बाजू. वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि मग वायफायही गेले, फोनही गेला. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो तळहाताएवढा असतो, आत लिथियमचे सेल असतात आणि किंमत साधारण बाराशे ते अठराशे रुपये पडते. राऊटरच्या अडॅप्टरची पिन यूपीएसमध्ये जाते आणि यूपीएसची पिन राऊटरमध्ये जाते. एकदा जोडला की पुन्हा हात लावावा लागत नाही. घ्यायच्या आधी राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले आकडे फोटो काढून आणा. बहुतेकांवर १२ व्होल्ट लिहिलेले असते, पण पुढे १ अँपिअर, दीड की २, हे घरोघरी वेगळे असते. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि यूपीएसचे अँपिअर अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त असले पाहिजेत. काही जोडण्यांत भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राऊटर असे दोन वेगळे नग असतात. तसे असेल तर दोन तोंडांचा यूपीएस लागतो, नाहीतर राऊटर चालू दिसतो आणि इंटरनेट मात्र येत नाही.

किती वेळ चालेल, याचा हिशेब सोपा आहे. राऊटर सहा ते दहा वॅट खातो. साधारण बावीस वॅट-तासांचा यूपीएस असेल तर दोन ते तीन तास निघतात. खोक्यावर ‘आठ तास’ लिहिलेले असले तरी वॅट-तास विचारा आणि स्वतः भागाकार करा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली होती तशी वेळ आली तर दोन-तीन तास पुरणार नाहीत, हे खरे आहे. त्यासाठी पाच व्होल्टचे बारा करून देणारी एक वायर दोन-तीनशे रुपयांना मिळते; ती पॉवर बँकेला लावली की लहान राऊटर आणखी तीनेक तास निघतो. पॉवर बँक दहा हजार एमएएचची म्हणजे सदतीस वॅट-तासांची. त्यातला काही भाग रूपांतरात जातो, हे धरूनच मी हे सांगतो आहे.

यूपीएस कपाटात, कापडाखाली किंवा देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नये. त्याला हवा लागते. दोन-तीन वर्षांनी सेल उतरतात, तेव्हा तो बदलायचा आहे हे आजच भावाला सांगून ठेवा.

रानवाट

हे वाचून मी दोन मिनिटे नुसती बसून राहिले. गेले वर्षभर घरात इंटरनेट होते आणि बाबा तुळशीपाशी भिजत होते. आम्ही तिघेही भावंडे शिकलेली आहोत आणि आमच्यापैकी एकालाही हे सुचले नाही. आपले मनापासून आभार.

एक शंका आहे. राऊटर दारालगतच्या खोलीत आहे आणि आमच्या भिंती जाड चिऱ्यांच्या आहेत. सोप्यापर्यंत वायफाय पोहोचेल का?

फोंडा बाजार

चिऱ्याची भिंत वायफाय अडवते, हे खरे. फोनमध्ये राऊटरच्या वायफायची दोन नावे दिसत असतील तर बाबांच्या फोनला २.४ गिगाहर्ट्झचे नाव जोडा. त्याचा वेग कमी असला तरी भिंतीपलीकडे ते ५ गिगाहर्ट्झपेक्षा चांगले जाते आणि बोलण्याला वेग फारसा लागतच नाही. राऊटर जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे असेल तर डोक्याच्या उंचीवर, दाराच्या रेषेत आणा. त्याने भागले नाही तरच पुढचा खर्च करा.

वीज चमकू लागली की अडॅप्टर बोर्डातून काढायचा, हेही बाबांना सांगा. यूपीएसमुळे तो काढूनही फोन चालू राहील, हा त्याचा दुसरा फायदा. विजेचा झटका अडवणारे स्पाइक गार्ड लावले की निश्चिंत, असे पुष्कळ जण समजतात. पण ते नीट काम करायला घराला चांगले अर्थिंग हवे आणि जुन्या घरांत ते बऱ्याचदा नावापुरतेच असते. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. मार्च-एप्रिलमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत राहावे.

आबोली

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून तीस वर्षे काढली. दोघांनाही गोळ्या चालू आहेत असे वाचले, म्हणून रक्तदाबाच्या यंत्राविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. चांगले यंत्र पंधराशे ते अडीच हजारांत येते. या भेटीत बसले नाही तरी पुढच्या भेटीत ते घ्याच.

घेताना दंडावर बांधायचे घ्या, मनगटाचे नको. मनगट हृदयाच्या पातळीवर नीट धरले नाही तर आकडा चुकतो आणि घरी ते कोणी नीट धरत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे पट्टा. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजा. नेहमीचा पट्टा बावीस ते बत्तीस सेंटिमीटरचा असतो. दंड जाड असून पट्टा लहान पडला तर यंत्र रक्तदाब आहे त्याहून जास्त दाखवते आणि माणूस उगाच घाबरतो. वडिलांच्या आणि आईच्या दंडात फरक असेल तर मोठ्या मापाला चालणारा पट्टा मागून घ्यावा.

मोजण्याची रीत यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात मेजावर विसावून पाच मिनिटे गप्प बसावे. मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. आपले वडील शिक्षक होते, ते वही सुरेख ठेवतील. डॉक्टरांना ती वही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. एखाद्या आकड्यावरून गोळी कमी-जास्त करू नये. १८०/१२० च्या वर आकडा पुन्हा पुन्हा आला आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा बोलताना जीभ जड होणे यांतले काही असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपल्या दमट हवेत यंत्रातले सेल झिरपतात. महिनाभर वापर होणार नसेल तर काढून ठेवावेत.

किनारपट्टी

माझे मत वेगळे आहे. तीन हजारांत बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा येतो. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो आणि हा तीस. बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात, घरात इन्व्हर्टर असेल तर तो जास्त टिकतो, आणि रिमोट असल्यामुळे रात्री थंडी वाजू लागली की उठावे लागत नाही. आमच्या वडिलांना हा फार आवडला.

फोंडा बाजार

पंखा चांगलाच, मीही विकतो. वाळपईच्या आतल्या घरासाठी मात्र माझ्या मते तो पहिली पसंती होऊ नये. साध्या पंख्याची मोटर गावातला वायरमन भरून देतो. बीएलडीसीमध्ये सर्किट असते, ते विजेच्या झटक्याने गेले तर कंपनीचा माणूस यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. घेतलाच तर जुना रेग्युलेटर मधून काढून टाकायला विसरू नका, त्याच्यावरून हा पंखा चालवू नये.

सोपो

मी स्वतः बाप आहे, अडुसष्ट वर्षांचा, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो.

मुले प्रेमाने वस्तू आणतात आणि आम्हाला ती नको असते असे मुळीच नाही. अडचण अशी होते की मुलगा खोके उघडतो, दहा मिनिटांत सगळे सेट करतो, ‘बाबा, सोपे आहे’ म्हणतो आणि परत जातो. तिसऱ्या दिवशी पडद्यावर काहीतरी वेगळेच येते. फोन करून विचारायला संकोच वाटतो, कारण मागच्या वेळी हेच विचारले होते, हे आम्हाला आठवत असते. मग ती वस्तू कपाटात जाते. त्या घड्याळाविषयी आपल्या बाबांनी काही म्हटले नाही, यामागे हेच असावे असे मला वाटते.

माझ्या मुलीने एकदा फार चांगले केले. ती पूर्ण दुपार माझ्याजवळ बसली, स्वतः हात लावला नाही, सगळे माझ्याकडून करवून घेतले, आणि मी ते माझ्या शब्दांत कागदावर लिहून काढले. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्याच दुपारी तिने फोनची अक्षरे मोठी केली आणि व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकांचे कॉल वाजणार नाहीत अशी सोय केली. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे जाताना लागतो, हे वाक्य मी त्या कागदावर ठळक लिहिले आहे. खाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे. पाववाल्या पोदेराला आणि मासे विकणाऱ्या नुस्तेवालीला देण्यापुरते पैसे यूपीआय लाईटमध्ये, म्हणजे पिनशिवाय छोट्या रकमा देण्याच्या सोयीत, ठेवून दिले. त्यात एका वेळी पाच हजारांहून जास्त राहूच शकत नाहीत, त्यामुळे मलाही धीर आला.

चिऱ्याचे घर

सोपो काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि माझ्या वडिलांकडे रविवारी काय करायचे ते ठरवले.

ताई, बाबांच्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी असते, असे आपण लिहिले आहे. त्यांना कपाळावर बांधायचा चार्जिंगचा दिवा घ्या. सहाशे-सातशे रुपयांत चांगला मिळतो. दोन-तीनशे लुमेनचा प्रकाश कुळागरात भरपूर होतो. त्याहून मोठे आकडे खोक्यावर असले तरी खरे असतीलच असे नाही. प्रकाश पावलापुढे पडेल असा तो खाली झुकवता आला पाहिजे, कारण पोफळीच्या झावळ्यांत पडलेले फुरसे किंवा घोणस पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणारा आणि टाइप-सी पिनेचा पाहा, म्हणजे फोनचाच चार्जर चालेल. बटण एकच असावे. तीन रंगांत लुकलुकणारे दिवे घेऊ नका, मध्येच लुकलुक सुरू झाली की वयस्क माणूस गोंधळतो.

आईच्या हाकांसाठी बिनतारी दारघंटी आहे. तिचे बटण आईच्या स्वयंपाकघरात ठेवायचे आणि घंटी पंपाच्या खोपीतल्या प्लगला लावायची. मोकळ्यावर शंभर मीटर लिहिलेले असते. आपल्या भिंती आणि झाडे धरली तर निम्मे मिळते असे समजावे. घेताना दुकानदाराला ‘पोहोचली नाही तर परत करीन’ असे आधीच सांगा. मी न सांगता घेतलेली एक घंटी अशीच पडून राहिली, कारण दुकानदाराने ती परत घ्यायला साफ नकार दिला.

रानवाट

ठरले. राऊटरचा यूपीएस चौदाशेला, डोक्याचा दिवा सातशेला, बिनतारी घंटी सहाशेला आणि न्हाणीच्या वाटेवरचा दिवा साडेतीनशेला, असे मिळून तीन हजार पन्नास होतात. रक्तदाबाचे यंत्र भावाने स्वतःहून पत्करले. टॅब्लेट आणि बोलणारा स्पीकर मी मनातून काढून टाकले आहेत. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्याची धावपळ असेल, म्हणून मी दोन दिवस आधीच रजा टाकली आहे. अडॅप्टरचा फोटो आईने पाठवला: १२ व्होल्ट, दीड अँपिअर, एकच नग.

रानवाट

चवथ होऊन बारा दिवस झाले. ज्यांनी एवढा वेळ देऊन लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

सोपो काकांनी लिहिल्याप्रमाणे मी हात बांधून बसले. बाबांनी चष्मा पुसला, यूपीएसच्या पिना स्वतः जोडल्या आणि कुठली पिन कुठे जाते ते शाळेच्या जुन्या रोजनिशीत चित्र काढून लिहिले. वायफाय कॉलिंगची कळ त्यांच्या फोनमध्ये होती. ती चालू केल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत पाठवले आणि सोप्यावरून फोन लावला. दोघांमध्ये दोन चिऱ्यांच्या भिंती होत्या. राऊटर खुंटीवर चढवल्यावर आवाज स्वच्छ येऊ लागला.

घंटी खोपीपर्यंत पोहोचली नाही. आता ती पाटाच्या वरच्या बांधाशी, मागच्या पडवीच्या प्लगला लावली आहे. तिथून बाबांना ऐकू येते आणि आईचे पायऱ्या उतरणे थांबले. डोक्याचा दिवा त्यांनी पहिल्या दिवशी थोडा लाजतच बांधला. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका तो कुठे मिळतो ते विचारायला आले. न्हाणीच्या दिव्याबद्दल कोणीच काही बोलत नाही, तो आपला लागतो आणि विझतो.

काल संध्याकाळी साडेसातला बाबांचा फोन आला. मागे कौलांवर पाऊस कोसळत होता आणि तो आवाज छत्रीवरच्या पावसापेक्षा वेगळा होता, लांबचा. मी सवयीने म्हणाले, ‘बाबा, भिजताय, आत जा.’ ते म्हणाले, ‘मी आतच आहे. वीज पावणेसातलाच गेली. तू सांग, तुझे जेवण झाले का?’ त्यानंतर आम्ही पन्नास मिनिटे बोललो.